धामणतळ्याच्या वाटेवरचे पांढरे दगड

हसायचं नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. नाही, तुम्ही हसणार! तुमचे चेहरेच सांगताहेत. असो. चहा तुमचा आहे, तेव्हा सांगणं भाग आहे. आपल्याच हातानं आपल्या तोंडाला काळं फासणारे महाभाग तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी पांढरं फासलं, आणि तेही दगडांना. परिणाम मात्र तोच झाला!

आता आमचा सायकल क्लब म्हणजे काय चीज आहे ते आधी ऐका. सायकली सगळ्यांच्या विलायती, चकचकीत. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून पूजा करायची आणि उरलेलं वर्ष त्यांना तेलपाणी करत बसायचं. रविवारी सकाळी स्टेशनपर्यंत जायचं, परत यायचं, आणि रावसाहेबांच्या ओसरीवर चहा पीत आपण किती दमलो याची चर्चा करायची. जरा खडी लागली की उतरून सायकल हातात! टायर झिजेल ना! घरचं पोर रडलं तर उचलणार नाहीत, पण सायकलला कडेवर घेतील असली ही मंडळी. मी त्यांच्यातलाच एक होतो, हे वेगळं सांगायला नको.

रावसाहेब आमचे अध्यक्ष. रेल्वेतून पेन्शनीत निघालेले, मिशा भरघोस, शिस्त कडक. धोतर आडव्या दांडीत अडकतं म्हणून सायकल मात्र बायकांची वापरत. तिला हसायचं नाही, असा क्लबाचा नियम होता. लिहिलेला नव्हता, पण होता.

क्लबाला कप्तान नव्हता. पण कप्तानाची शिट्टी होती! पितळी, साखळीसकट, रावसाहेबांच्या रेल्वेच्या दिवसांतली. जो कप्तान होईल त्याच्या गळ्यात ती पडायची होती. त्या शिट्टीवर दोघांचा डोळा होता. एक मी, गिरणीच्या ऑफिसातला कारकून वामनराव. दुसरा दामूअण्णा, वकिलाकडचा कारकून. गड्याला वकिली काही जमली नाही, पण उलटतपासणी घ्यायला मात्र तो पक्का शिकला होता.

एका रविवारी ओसरीवर बसल्या बसल्या माझी जीभ सुटली.

"कसला मेला तोच तो स्टेशनचा रस्ता! विलायतेत लोक सायकली घेऊन डोंगरात जातात, जंगलात जातात, तळ्याकाठी बसून जेवतात!"

"सोलापुरात जंगल?" दामूअण्णा म्हणाला. "कुठं ठेवलंय? गिरणीच्या मागं?"

"तुळजापूरच्या रस्त्यानं हिप्परग्याचं तळं मागं टाका. पुढं आडवाटेला वळलं की डोंगर लागतात. त्या डोंगरांत धामणतळं आहे. अहाहा, काय पाणी!"

"तुम्ही गेलाय?"

"कितीदा तरी!"

एकदाही गेलो नव्हतो. आमच्या खात्यातला एक जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, त्या बाजूचा, त्याच्या तोंडून तळ्याचं नाव ऐकलं होतं, तेवढीच माझी पुंजी. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

रावसाहेबांनी कपबशी खाली ठेवली. "ठरलं तर. येत्या रविवारी क्लब धामणतळ्यावर जाणार. जो क्लबाला तळ्यावर पोचवील तो कप्तान. शिट्टी त्याची."

"आणि वाट चुकली तर?" दामूअण्णानं विचारलं.

"शिट्टी पोचवील त्याची," रावसाहेब म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

आता आली का पंचाईत? रविवारच्या आत ते तळं शोधणं भाग होतं. पोटात कळ आली म्हणून ऑफिसातून सुट्टी काढली. कळ आली होती हे खोटं नव्हे, फक्त ती दामूअण्णाच्या नावानं आली होती.

एकदा तळं सापडलं तरी रविवारी ते पुन्हा सापडावं कसं? मी युक्ती काढली. जिथं जिथं वाट फुटेल तिथं दगडाला खूण करायची! घरात बोललो, तर आमची मंडळी म्हणाली, "अहो, खुणा कशाला? वाटेत माणसं असतील की. विचारावं."

"विचारत विचारत कप्तान जातो का कुठं?"

"मग तो शेंदराचा पुडा घेऊन जा."

मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, "वेडी की काय! खेड्यातले लोक ते. आज मी दगडाला शेंदूर लावीन, उद्या तिथं नारळ फुटेल आणि परवा जत्रा भरेल! अडाण्यांचा स्वभाव ओळखून वागावं लागतं."

बघा, इतका मी हुशार! दिवाळीच्या सफेदीतला चुना उरला होता. तो डब्यात कालवला, डबा हँडलला टांगला, कुंचा कॅरिअरला खोचला. डोक्यावर सोला हॅट आणि ढुंगणाला खाकी हाफपँट. आरशात पाहिलं तर मलाच मला सलाम ठोकावासा वाटला.

रस्ता सोडला आणि माझी हुशारी संपली. मुरमाची चढण, सुटी खडी, चाक एकीकडे आणि मी दुसरीकडे! जंगल म्हणजे काय म्हणाल, तर बाभळी, बोरी, हिवर आणि तरवड, आणि त्यांच्यात गुडघाभर वाळलेलं गवत. प्रत्येक झाड अंगावर धावून येणारं. आणि वाटा? मेंढरांनी पाडलेल्या त्या वाटा, एकीतून दुसरी फुटते, दुसरी फिरून पहिलीला मिळते. तळं मला सापडलं म्हणणं बरोबर नाही. एका उतारावर ब्रेक लागेना, मी सायकलसकट घसरत खाली गेलो आणि पाण्यात थांबलो. तेच धामणतळं.

मग मात्र ऐट आली. परतीच्या वाटेवर जो दगड दिसेल त्याला चुना! मोठे दगड, छोटे दगड, काहींची उतरंड रचून वर पांढरा पट्टा. मधेच एका ओढ्याकाठी मेंढरांचा कळप आडवा आला. मागं खांद्यावर घोंगडी टाकलेली, काळीसावळी, उंच अशी एक बाई. तिचं नाव हिराबाई, हे मला पुढं कळलं. चांगलंच कळलं!

"काय करताय वो सायेब?" तिनं विचारलं.

आता सरळ सांगायला काय हरकत होती? की बाई, मी एक कारकून, वाट विसरू नये म्हणून खुणा करतोय. पण डोक्यावर हॅट, हातात कुंचा आणि वर 'सायेब' अशी हाक! माणूस बिघडायला आणखी काय लागतं?

"खुणा करतोय," मी म्हणालो.

"कुटपतूर?"

"पार तळ्यापर्यंत."

"आन् हितनं मंग कोन जायाचं?"

"आमची माणसं. दुसरं कोण जाणार?"

तिनं वळून कळपाकडे पाहिलं. "आन् आमची मेंढरं?"

"मेंढरंबिंढरं मधे आणायची नाहीत हं! रविवारी मोठे साहेब येणार आहेत, सगळं बघायला. त्यांना इथं एक मेंढरू दिसता कामा नये. सांगून ठेवा तुमच्या लोकांना."

बाईचा चेहरा पार उतरला. "बरं," एवढंच म्हणाली आणि कळप वळवून निघून गेली. मला वाटलं, काय वचक बसवला! शीळ घालत घरी आलो.

रविवारी क्लब निघाला. दशम्या, शेंगांची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. मी पुढं. माझ्या हँडलला चुन्याचा डबा, कुठं खूण पुसट झाली असली तर म्हणून. मागं दामूअण्णा, मधे रावसाहेब त्यांच्या त्या सायकलवर, आणि बाकीचे टायरला नमस्कार करत करत.

रस्ता सोडला. पहिला पांढरा दगड लख्ख दिसला. "बघा!" मी म्हणालो. "वाट मला तळहातासारखी पाठ आहे."

दुसरा दगड दिसला. तो जरा वरच्या अंगाला होता. मला वाटलं, असेल. मला वाट कुठं आठवत होती? मला फक्त चुना आठवत होता! तिसरा आणखी वर. चौथा त्याहून वर. ओढा कुठं गेला, बाभळी कुठं गेल्या, काही पत्ता नाही. गवत संपलं, मुरूम संपला, नुसता काळा खडक लागला. आणि त्या उघड्याबोडक्या डोंगराला प्रदक्षिणा घालत माझे पांढरे दगड ओळीनं वर निघाले होते!

सायकली खांद्यावर आल्या. क्लबाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. कुणाच्या धोतराचा सोगा सुटला, कुणाच्या चेनचं काळं कानाला लागलं.

"वामनराव," रावसाहेब धापा टाकत म्हणाले, "तळं डोंगराच्या शेंड्यावर आहे काय?"

"आधी वरून देखावा, रावसाहेब! मग तळं."

"तळी साधारणपणे खाली असतात, असा माझा समज होता," दामूअण्णा म्हणाला.

"काही उंचावर असतात!"

"पाणी कुठून येतं त्यांना? गिरणीतून पंपानं?"

कप्तानानं प्रत्येक हलक्यासलक्याला उत्तर द्यायचं नसतं. शिवाय दमही लागला होता.

शेंड्यावर पोचलो. तळं नाही, झाड नाही, गवताची काडी नाही. नुसते पांढरे दगड, एखाद्या कुंपणासारखे गोल मांडलेले. आणि पलीकडच्या कपारीतून उठली माणसं! लाल पटके, घोंगड्या, हातात काठ्या. दोन कुत्री, अशी की त्यांना बघून सायकलनं आपणहून पळावं. मागं बायका-पोरं, आणि सगळ्यांच्या पुढं हिराबाई.

रावसाहेबांच्या मिशा बघून तिनं मोठा साहेब बरोबर ओळखला. वाकून रामराम केला.

"सायेब, ह्ये बगा जंगल. लई झ्याक हाय. ह्येच घ्या."

"घ्या? काय घ्या?" रावसाहेब.

"ह्ये रान. ह्येच बंद करा. हितं आमचं एक मेंढरूबी येत न्हाय. तुमचं दगडसुदिक आमीच आनून ठिवलं, तुमास्नी तरास नको म्हून. खालचं रान तेवडं सोडा, सायेब. त्येवडंच गवात हाय आमास्नी. खाली मेंढरं घातली न्हाईत तर उनाळ्यात ती काय दगडं खातील?"

मागचा एक म्हातारा हात जोडून उभा होता. त्याचे ते जोडलेले हात बघितले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

तुम्ही शहरातले, तुम्हाला सांगायला हवं. जंगलखातं एखादं रान राखीव करायला निघालं की हद्दीवरच्या दगडांना चुना फासून जातं. एकदा चुना लागला की आत गेलेलं मेंढरू कोंडवाड्यात. मग ते सोडवायला तालुक्याला खेटे घाला! आणि मी, हॅट घालून, त्यांच्या ऐन चराऊ रानातून चुना फासत गेलो होतो. वर मोठे साहेब येणार म्हणून दम भरला होता! इतके दिवस त्या वस्तीच्या घशाखाली घास उतरला नसेल. शेंदूर लावला असता तर निदान नारळ तरी फुटला असता.

मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच खरं बोलतो असं थोडंच आहे? शिट्टी अजून रावसाहेबांच्या खिशातच होती! मी पुढं झालो आणि आवाज चढवला.

"अरेरे! कोण गाढव असेल तो चुनेवाला? गरिबांना असं घाबरवतात होय? असल्या माणसाला जोड्यानं मारलं पाहिजे!"

"व्हय की!" एक गडी काठी आपटून म्हणाला. "गावू दे तर खरा!"

"वामनराव," मागून दामूअण्णाचा लोण्यासारखा आवाज आला, "या खुणा कुणाच्या म्हणालात आपण?"

"मी? मी काही म्हणालो नाही."

"पहिल्या दगडापाशी 'बघा' म्हणालात. काय बघा म्हणालात?"

"निसर्ग!"

"आणि हँडलला डबा कसला आहे?"

"ताक आहे त्यात."

"मग पाजा की सगळ्यांना. ऊन फार झालंय."

हिराबाई जवळ आली. डब्यात डोकावली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, हॅटकडे बघितलं, खाली हाफपँटकडे बघितलं.

"अगं बया! ह्योच की त्यो!"

काठ्या वर झाल्या. कुत्री उठली. खोटं कशाला सांगू, मी रावसाहेबांच्या मागं लपलो, बायकांच्या सायकलच्या आडोशाला!

रावसाहेबांनी हात वर केला. "थांबा! हा मनुष्य सरकारी नाही. आम्ही कुणीच सरकारी नाही. आम्ही सायकली फिरवणारे लोक आहोत."

"म्हंजी? कशाच्या कामावर हाय तुमी?"

"काम नाही."

"कुनाच्यात लगीन हाय?"

"नाही."

"मंग देवाला चाललाय?"

"नाही हो बाई. उगीच. मौज म्हणून."

धनगरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आमच्याकडे, घामानं निथळणाऱ्या, काट्यांनी ओरबाडलेल्या, चेनच्या काळ्यानं माखलेल्या त्या शिकल्या-सवरलेल्या कळपाकडे पाहिलं.

"उगं?" हिराबाई म्हणाली. "एवड्या उनाचं, डोंगराव, लोखंड खांद्याव घिऊन... उगं?"

"उगंच," रावसाहेब पडत्या आवाजात म्हणाले.

तो हात जोडलेला म्हातारा पहिल्यांदा हसला. मग सगळेच हसले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पोरं खडकावर लोळली. अहो, मार परवडला असता! काठीचे वळ आठवड्यात जातात. त्या हसण्याचे अजून गेले नाहीत.

हसणं संपल्यावर हिराबाई माझ्याकडे वळली. आता तिच्या आवाजात 'सायेब' नव्हता.

"ए चुनेवाल्या, ह्यो चुना धुऊन काड. समदा."

"अहो, पण आता कळलं ना सगळ्यांना, की ते खरं नव्हतं?"

"आमास्नी कळलं. उद्या खरा फारेष्टवाला आला आन् त्यानं ह्यी दगडं बगितली, तर त्यो काय म्हनंल? म्हनंल, वा, खूना तर आदीच झाल्यात! मंग कुनाला सांगत बसू, की एक येडं आल्तं म्हून?"

मी वाकून पहिला दगड उचलला.

पाणी त्या खडकावर कुठलं! पाणी एकच, तळ्यात. मेंढरांची पाण्याची वेळ झालीच होती. उतारावरच्या झुडपांत लपवून ठेवलेला कळप बाहेर आला आणि खाली निघाला, कळपामागं क्लब निघाला, आणि सगळ्यांच्या मागं मी, कॅरिअरवर दगड, हँडलच्या पिशवीत दगड, डोक्यावरच्या हॅटवर दगड. मागनं एक कुत्रं, मी रेंगाळलो की पोटरीपाशी येऊन नुसतं हुंगायचं. तेवढ्यानं माझा वेग वाढायचा.

अर्धा तासही लागला नसेल. झुडपं बाजूला झाली आणि खाली धामणतळं! चहूबाजूंनी डोंगर, मधे निळं पाणी, काठाला बगळे. क्लब बघतच राहिला. खरं सांगायचं तर इतकं सुंदर ठिकाण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मागच्या खेपेला मी ते पाण्याच्या आतून पाहिलं होतं.

मंडळी सावलीला बसली. दशम्या सुटल्या. हिराबाईनं कासंडीभर ताक आणून दिलं, खरं ताक! रावसाहेबांनी मिशा पुसून तीनदा मागून घेतलं. मी काठावर बसून घायपाताच्या कुंच्यानं दगड घासत होतो. एक खेप संपली की डोंगरावर जायचं, दुसरी आणायची. चुना लावताना किती भराभर लागतो! निघताना मात्र नखांत शिरून बसतो.

शेवटचा दगड धुऊन झाला तेव्हा दामूअण्णा उठला, धोतर झटकलं आणि रावसाहेबांपुढं उभा राहिला.

"रावसाहेब, वामनरावांचा निकाल लागला. आता शिट्टीचं बघा."

"तुम्ही क्लबाला तळ्यावर पोचवलंत?"

"मी? नाही. पण वामनरावांनी तर नाहीच नाही!"

"मी काय म्हणालो होतो? पोचवील त्याची." रावसाहेबांनी खिशातून शिट्टी काढली, साखळी सरळ केली आणि हाक मारली, "हिराबाई, इकडं या. क्लबाला इथं तुम्ही आणलंत. ही शिट्टी तुमची."

हिराबाई दोन पावलं मागं सरली. "न्हाय बा! लबाड बोलू कशाला? मी तर तुमच्या मागनं आले. म्होरं एडका व्हता. पान्याची वाट त्येच काडतो, समदा कळप त्येच्या मागनं येतो. तुमीबी त्येच्याच मागनं आलासा की."

एडका पाण्यात पाय बुडवून उभा होता. वळणदार शिंगं, तोंडावर कमालीचा तुच्छ भाव. त्यानं एकदा क्लबाकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागला.

रावसाहेब उठले. नियम म्हणजे नियम! धोतर सावरून पाण्यात उतरले आणि शिट्टी साखळीसकट त्याच्या गळ्यात घातली. दामूअण्णाचं तोंड असं झालं की माझ्या हातांची जळजळ घटकाभर थांबली. मग क्लबानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करता!

त्याला दोन वर्षं झाली. आमचा क्लब अजून अधूनमधून धामणतळ्यावर जातो. रस्ता सोडला की ओढ्यापाशी थांबायचं आणि कप्तानाची वाट बघायची. तो येतो, गळ्यात पितळी शिट्टी, मागं अख्खा कळप. त्याच्यामागून निघालेलं एकही मेंढरू आजवर वाट चुकलेलं नाही.

आणि सगळ्यात शेवटचं, सायकल हातात धरून चालणारं जे दिसतं ना, तो मी.